राज्य फुलपाखरू झालं, मधमाशीचं काय? मित्रकीटकांसाठी सरकारी धोरण खरंच आहे का?

शेवंती (धागाकर्ती)

२०१५ साली महाराष्ट्रानं ब्ल्यू मॉर्मनला राज्य फुलपाखरू जाहीर केलं. देशात असं करणारं हे पहिलं राज्य. त्याच्या अळ्या माकडलिंबू, लिंबू, पपनस अशा झाडांची पानं खाऊन मोठ्या होतात. म्हणजे ज्याचा फोटो आपण वन खात्याच्या कॅलेंडरवर बघतो, तोच जीव लहानपणी परसातल्या लिंबावर दिसला की आपण कृषी सेवा केंद्रात जाऊन "अळीवर काहीतरी द्या" म्हणतो.

यावरून विचार सुरू झाला. परागीभवन करणारे, किडी खाणारे, माती भुसभुशीत ठेवणारे, पाण्यातली घाण पचवणारे एवढे बिनकण्याचे जीव आहेत. त्यांच्यासाठी सरकारचं नक्की धोरण काय? जे वाचलं त्यावरून मला तीन वेगवेगळी टेबलं दिसतात. वन खात्याच्या टेबलावर वन्यजीव कायदा आहे, तिथे दुर्मीळ आणि देखण्या जिवांची यादी मिळते. खादी-ग्रामोद्योग आणि कृषी खात्याकडे मधाच्या योजना आहेत, तिथे माशी म्हणजे उत्पादनाचं साधन. आणि तिसरीकडे १९६८ चा कीटकनाशक कायदा. कीटक जगणार की मरणार हे खरं तर इथेच ठरतं, आणि इथे ते मारण्याचं लक्ष्य म्हणूनच नोंदलेले असतात.

ही तीन टेबलं एकमेकांशी बोलतात असं कुणाच्या अनुभवात आहे का? शेतकरी, वकील, अभ्यासक, सगळ्यांनी लिहा. "निसर्गाचा समतोल बिघडला" छापाचे प्रतिसाद नकोत, ते शाळेत भरपूर लिहून झालेत.

कलमदान

कायद्याच्या बाजूनं थोडं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात प्राण्याच्या व्याख्येत अपृष्ठवंशी येतात, पण संरक्षण मिळतं ते अनुसूचीत नाव असेल तरच. २०२२ च्या दुरुस्तीनं सहाच्या चार अनुसूची झाल्या, १ एप्रिल २०२३ पासून ते लागू आहे. यादीत बरीच फुलपाखरं आहेत, नारळखेकडा आहे, प्रवाळ आहेत, समुद्रकाकड्या आहेत. लक्षद्वीपमध्ये तर २०२० साली खास समुद्रकाकडीसाठी राखीव क्षेत्र केलं गेलं.

मात्र सातेरी, आग्या, फुलोरी यांपैकी एकही मधमाशी अनुसूचीत नाही. काजवेही नाहीत. त्यामुळे सोसायटीच्या गच्चीखालचं आग्या मोहोळ रात्री जाळलं तर वन्यजीव कायद्याखाली गुन्हा होत नाही.

गंमत म्हणजे १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात 'प्राणी' म्हणजे माणूस सोडून कुठलाही सजीव जीव. शब्दशः वाचलं तर माशीसुद्धा त्यात बसते. पण आग्या मोहोळाची तक्रार घेऊन कुणी पोलीस चौकीत गेलंच, तर काय ऐकून घ्यावं लागेल याची कल्पना करा.

रोखठोक

सगळं छान आहे. पण शहरात बसून मित्रकीटकांचं कौतुक करणाऱ्यांना विचारतो, गुलाबी बोंडअळीनं कपाशी पोखरली तेव्हा कुठला मित्र धावून आला होता? शेतकऱ्यानं फवारायचं नाही तर काय भजन करायचं? सरकारनं उद्या फवारणीवर बंधनं आणली की त्याचा खर्च कुणाच्या बोकांडी बसणार, तेही लिहा.

बांधावरून

रोखठोक, प्रश्न बरोबर आहे, पण माझं उलटं दुखणं ऐका. बुलढाणा जिल्ह्यात आमच्याकडं कांदा बीजोत्पादन मोठं. डोंगळ्याला, म्हणजे कांद्याच्या फुलदांड्याला, गोंडे आले की माशी पाहिजे, नाहीतर बी भरत नाही. गोंडे दिसायला टपोरे आणि झोडपले की पोचट. फुलकिड्यासाठी आम्हीच फवारतो, शेजारच्या हरभऱ्यावर शेजारी फवारतो, मग माशी यायची कुठून? मग लोक गुळाचं पाणी शिंपडून माशी बोलावतात. काहींनी पेट्या भाड्यानं आणल्या.

तर खर्च दोन्हीकडून बसतो. औषधाचाही आणि माशीचाही. पूर्वी माशी फुकट होती, म्हणून ती कुठल्याच हिशेबात नव्हती.

पेटीवाला

बांधावरून दादांसारख्यांकडे पेट्या नेणारा मी. सूर्यफूल, धने, ओवा, कांदा, डाळिंब, जिथे फुलोरा तिथे आम्ही. मेलिफेरा ही परदेशी मधमाशी पाळतो, कारण ती प्रवासाला दमते कमी आणि मध जास्त देते. डोंगरभागातले माझे मित्र सातेरीच पाळतात, तिथली तीच खरी.

योजनांबद्दल तक्रार नाही. राष्ट्रीय मधुमक्षिकापालन व मध अभियानाला २०२०-२१ पासूनच्या तीन वर्षांसाठी ५०० कोटी दिले होते, पुढे मुदतही वाढली. महाबळेश्वर तालुक्यातलं मांघर २०२२ मध्ये देशातलं पहिलं मधाचं गाव झालं, मग भुदरगडमधलं पाटगाव. पुण्यातली केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था १९६२ पासून आहे. पेटी, स्टँड, मधयंत्र, प्रशिक्षण, सगळ्याला अनुदानाची वाट आहे.

पण फवारणीनं वसाहत मेली तर? मी विचारलं होतं. एका कार्यालयातून दुसऱ्या कार्यालयात पाठवलं, दुसऱ्यातून पुन्हा पहिल्यात. पीक नाही म्हणून पीक विमा नाही, गाय-म्हैस नाही म्हणून पशुधनात बसत नाही. सकाळी पेटीच्या दारात माश्यांचा ढीग पडलेला, काही अजून गोल गोल फिरत होत्या, आणि मी पंचनामा कोण करणार हे शोधत होतो.

शेतकऱ्याचाही दोष म्हणवत नाही. त्यानं आदल्या दिवशी सांगितलं असतं तर पेट्या हलवल्या असत्या, नाहीतर दारं बंद करून ओलं गोणपाट टाकलं असतं. पण सांगायला त्याला कुठल्याच नियमानं बांधलेलं नाही.

जुना कीटकवाला

कीटकशास्त्र शिकवून निवृत्त झालोय, म्हणून लांबण लागणार. आधीच माफी.

शेवंतीताई, तुम्ही तिसऱ्या टेबलाचा उल्लेख केलात, तिथेच जरा थांबू या. औषधाच्या बाटलीवर चौकट असते, तिच्यात रंगीत त्रिकोण. लाल म्हणजे अति विषारी, मग पिवळा, निळा आणि हिरवा. शेतकरी आणि दुकानदार दोघेही याच रंगावरून औषध 'कडक' की 'सौम्य' ठरवतात. हा रंग कशावरून ठरतो? उंदरांसारख्या सस्तन प्राण्यांच्या पोटात किंवा कातडीवर किती मिलिग्रॅम गेल्यावर निम्मे मरतात, त्यावरून. तोंडावाटे किलोमागे ५० मिलिग्रॅमपर्यंत लाल, ५०० पर्यंत पिवळा, ५००० पर्यंत निळा, त्यापुढे हिरवा. १९७१ च्या नियमांतली ही व्यवस्था फवारणाऱ्या माणसाच्या जिवासाठी आहे आणि ती हवीच. यवतमाळला २०१७ मध्ये फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर गेले, ते आठवून कुणीही रंगपट्टीला नावं ठेवणार नाही.

पण माशीचं काय? थायामेथोक्झाम या कीटकनाशकाचा त्रिकोण निळा. उंदराच्या हिशेबानं ते मध्यम. मधमाशीला मात्र त्याची मायक्रोग्रॅमच्या शंभराव्या भागात मोजावी इतकी मात्रा पुरते. निळा रंग बघून "हे तसं सौम्य आहे" म्हणत फुलोऱ्यात फवारणारा शेतकरी अडाणी नाही. त्याला सरकारनं जे चिन्ह दिलं ते तो वाचतोय. नोंदणीच्या वेळी कंपनीकडून मधमाशीवरच्या परिणामांची माहिती मागितली जाते, घडीच्या माहितीपत्रकात बारीक अक्षरात इशाराही असतो. पण ते पत्रक उघडून बघितलंय कुणी? ते पंप पुसायला वापरतात.

अमेरिकेनं २०१३ साली निओनिकोटिनॉइड गटाच्या (थायामेथोक्झाम यातलंच) औषधांच्या लेबलवर मधमाशीचं चित्र असलेली इशाऱ्याची चौकट आणली. याला कोट्यवधींचं अभियान लागत नाही.

आता रोखठोक यांच्या प्रश्नाकडे. बोंडअळीच्या वेळी मित्र का आला नाही? बऱ्याचदा आपण त्याला आधीच मारलेलं असतं. बीटी कपाशीचं बी पाकिटातून येतं तेच इमिडाक्लोप्रिडसारख्या औषधाची प्रक्रिया करून. त्यावर पहिल्या दीड-दोन महिन्यांत मावा-तुडतुड्यांसाठी आणखी फवारण्या झाल्या की ढालकिडा, क्रायसोपा, कोळी या किडी खाणाऱ्या मित्रांची पिढीच उभी राहत नाही. मान्य, एकदा बोंडात शिरलेल्या गुलाबी अळीपर्यंत यांच्यातलं फारसं कुणी पोचत नाही. ट्रायकोग्रामा या इवल्या परोपजीवी गांधीलमाशीचं काम त्याआधीचं, किडीच्या अंड्यावरचं.

आणि आपल्याच राज्यात हे मोठ्या प्रमाणावर जमलेलं आहे. २००२ मध्ये सांगलीकडे उसावर लोकरी मावा आला आणि बघता बघता पश्चिम महाराष्ट्र ओलांडून कर्नाटकात गेला. पानं पांढरी, खाली काळी बुरशी. सुरुवातीला फवारणीच चालली होती, पण डोक्यावर गेलेल्या उसात पंप घेऊन शिरणार कोण? मग डिफा नावाच्या पतंगाची अळी आणि मायक्रोमस हे या माव्यावर जगणारे कीटक लक्षात आले. कृषी विद्यापीठं, वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट, साखर कारखाने कामाला लागले. शेडनेटमध्ये ऊस लावून त्यावर डिफा वाढवला गेला. शेतकरी एका शेतातली अळ्या असलेली पानं तोडून दुसऱ्या शेतात टाचत होते. "मित्रकीटक दिसत असतील तर फवारू नका" हे तेव्हा अधिकारी, चेअरमन आणि गावचा शेतकरी एकाच वेळी सांगत होते. मावा आटोक्यात आला.

पुढे २०१० च्या आसपास पपईवरच्या पिठ्या ढेकणाच्या वेळीही असंच झालं. बंगळुरूच्या, शेतीतल्या कीटकांवर काम करणाऱ्या राष्ट्रीय संस्थेनं ॲसेरोफॅगस पपई नावाची इवलीशी परोपजीवी गांधीलमाशी बाहेरून आणून सोडली.

माझं मत विचाराल तर आपल्याकडे किड्याला संरक्षण मिळतं ते त्याच्यामागे साखर कारखाना उभा असला की. डोंगळ्यामागे कोणता कारखाना आहे?

रोखठोक

काका, लोकरी माव्याचं माहीत होतं, पण ते धोरण म्हणून कधी बघितलं नव्हतं. तरी मुद्दा उरतोच. ते संकट होतं, सगळे एकत्र आले. रोजच्या शेतीत फवारायचं की नाही हे कोण सांगणार? दुकानदारच ना?

जुना कीटकवाला

सांगणारी व्यवस्था आहे. २००८ मध्ये सोयाबीनवर तंबाखूची पानं खाणाऱ्या अळीचा उद्रेक झाला, त्यानंतर राज्यानं क्रॉपसॅप सुरू केलं. ठरावीक शेतांत जाऊन किडी मोजायच्या, आर्थिक नुकसानीची पातळी ओलांडली तरच फवारणीचा सल्ला द्यायचा. गुलाबी बोंडअळीला कामगंध सापळ्यात (मादीच्या वासानं नर पतंग ओढणारा सापळा) सलग तीन रात्री आठ-दहा पतंग सापडले तर हालचाल करा, अशी ती पद्धत. कल्पना उत्तम आहे, देशात तिचं कौतुकही झालं.

पण नोंदीत किडी मोजतात तितक्या गांभीर्यानं मित्रकीटक मोजत नाहीत. दहा झाडांवर चाळीस मावा आणि सहा ढालकिडे, आणि दहा झाडांवर चाळीस मावा आणि शून्य ढालकिडे, या दोन शेतांना एकच सल्ला जाता कामा नये. आणि सल्ल्याचा एसएमएस येईपर्यंत दुकानदारानं तीन औषधांचं मिश्रण दिलेलं असतं, उधारीवर. उधारीचं दुकान हेच आपल्याकडचं सर्वात पोचलेलं विस्तार केंद्र.

म्युनिकर

जर्मनीतून लिहितेय, मूळची नाशिकची. इथली गोष्ट तुलनेसाठी सांगते, आदर्श म्हणून नाही.

२०१७ मध्ये क्रेफेल्डच्या हौशी कीटक अभ्यासकांच्या संघाची आकडेवारी प्रसिद्ध झाली. संरक्षित क्षेत्रांत २७ वर्षांत उडणाऱ्या कीटकांचं एकूण वजन ७५ टक्क्यांहून जास्त घटलं होतं. या मोजण्या सरकारी खात्याच्या नव्हत्या, जाळी लावून बाटल्या भरून ठेवणाऱ्या हौशी मंडळींच्या होत्या. २०१९ च्या सुरुवातीला बव्हेरिया या इथल्या राज्यात 'मधमाश्या वाचवा' नावाची लोकयाचिका आली. कडाक्याच्या थंडीत टाउन हॉलपुढे रांगा लावून १८ टक्क्यांहून जास्त मतदारांनी सह्या केल्या, १७ लाखांच्या वर. सार्वमताची वेळच आली नाही, विधिमंडळानं मजकूर जसाच्या तसा स्वीकारला. ओढ्या-नद्यांच्या काठाचा पाच मीटर पट्टा नांगरायचा नाही, २०३० पर्यंत ३० टक्के शेती सेंद्रिय, वगैरे. २०२१ मध्ये देशपातळीवरही कीटक संरक्षणाचा कायदा झाला, त्यात संरक्षित क्षेत्रांतल्या रात्रीच्या दिव्यांवरही बंधनं आली.

शेतकरी खूप चिडले होते, हेही सांगायला हवं. आमच्या इथले दूध उत्पादक म्हणत होते की शहरातले लोक सही करून घरी जातात आणि कुरण आमचं जातं. नुकसानभरपाईची बोलणी बराच काळ चालली. आणि युरोपीय संघानं २०१८ मध्ये तीन निओनिकोटिनॉइडवर उघड्या शेतात बंदी घातली, तरी कित्येक देश 'आपत्कालीन परवानगी'च्या पळवाटेनं वापरत राहिले. २०२३ मध्ये न्यायालयानं प्रक्रिया केलेल्या बियाण्यांसाठी ती वाट बंद केली.

कलमदान

म्युनिकर, पळवाटांच्या बाबतीत आम्हीही मागे नाही. मे २०२० मध्ये केंद्रानं २७ कीटकनाशकांवर बंदीचा मसुदा काढला. त्यातल्या काहींच्या कारणांत मधमाश्यांना घातक असल्याचं स्पष्ट लिहिलं होतं. म्हणजे माशीचं नाव सरकारी कागदावर आलं होतं. हरकती, समित्या, मुदतवाढी झाल्या, आणि २०२३ च्या आदेशात पूर्ण बंदी आली ती डायकोफॉल, डिनोकॅप आणि मिथोमिल या तिघांवर. मोनोक्रोटोफॉसचं ३६ टक्के द्रावण थांबवण्याचंही ठरलं. बाकीची बहुतेक दुकानात आहेत.

आणि राज्य सरकारला शिव्या देण्याआधी एक लक्षात घ्या. कीटकनाशक कायद्याच्या २७ व्या कलमाखाली राज्याला एखाद्या औषधाची विक्री थांबवता येते ती ६० दिवस, चौकशी पुरी झाली नाही तर आणखी जास्तीत जास्त ३०. यवतमाळनंतर महाराष्ट्रानं पाच औषधांवर ६० दिवसांचीच बंदी घातली, कारण कायमच्या बंदीपर्यंत राज्याचा हात पोचत नाही. २०२० चं नवं विधेयक राज्यसभेत मांडलं गेलं, मग स्थायी समितीकडे गेलं आणि रेंगाळलं.

सह्यकडा

अवांतर होईल, पण काजव्यांचा उल्लेख झाला म्हणून. भंडारदऱ्याच्या बाजूला मेअखेरीपासून पाऊस लागेपर्यंत काजवे बघायला गाड्यांच्या रांगा लागतात. सादडा, हिरडा, जांभूळ, या झाडांवर लखलखाट असतो आणि खाली हेडलाइट, मोबाइलचे टॉर्च. नर-मादी एकमेकांना उजेडाच्या खुणांनीच शोधतात, तिथे आपण दुसराच उजेड ओततो. कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात वन खातं नियम लावतं, गावातली पोरं गाड्या अडवतात, पण ते सगळं अभयारण्य आहे म्हणून. शेजारच्या खासगी मालकीत शेतघरांचे फ्लडलाइट पहाटेपर्यंत.

आणि काजव्याची अळी गोगलगायी खाते, हे किती जणांना माहीत आहे? २०२२ मध्ये लातूर, बीड, धाराशिवकडे गोगलगायींनी सोयाबीनचे कोवळे कोंब फस्त केले, सरकारनं भरपाई दिली, ते योग्यच. त्या मोठ्या शंखी गोगलगायीला काजवा पुरला असता असं म्हणत नाही. पण नुकसानीचा पंचनामा होतो आणि नुकसान रोखणाऱ्यांची नोंद कुठेच नसते.

बांधावरून

सह्यकडा, नोंदीवरून आठवलं. आमच्या ग्रामपंचायतीत लोकजैवविविधता नोंदवही आहे. जैवविविधता कायद्याखाली केलेली, बाहेरची माणसं येऊन भरून गेली. काढून बघितली. झाडं, पक्षी, औषधी वनस्पती सगळं आहे. कीटकांच्या पानावर 'फुलपाखरू, मधमाशी, मुंगी' एवढंच. कुठली मधमाशी, मोहोळं कुठं बसतात, काही नाही. आमच्या शिवारात वडाच्या एका झाडावर दरवर्षी आग्याची दहा-बारा पोळी असतात, ते म्हाताऱ्या माणसांना पाठ आहे.

शेवंती

बांधावरून दादा, हे फार कामाचं आहे. त्या वडाची नोंद वहीत घालता येईल का? कलमदान सांगतील. माझ्या मनात आता दोन गोष्टी आहेत. एक, जुना कीटकवाला काकांनी सांगितलेलं लेबलवरचं मधमाशीचं चिन्ह, त्यासाठी निवेदन. दोन, फवारणीच्या आदल्या दिवशी परिसरातल्या पेटीवाल्यांना कळवण्याची सोय. क्रॉपसॅपचे एसएमएस शेतकऱ्याला जातातच, तर नोंदणी केलेल्या मधपाळांचे नंबर त्याच यंत्रणेत घालायला काय हरकत आहे?

पेटीवाला

दुसरी गोष्ट झाली तर आमचं निम्मं काम होईल. फक्त एक जोडा: फुलोऱ्यात फवारणी करावीच लागली तर संध्याकाळी, माशी घरी परतल्यावर. हे प्रत्येक सल्ल्यात ठळक येऊ दे. औषध बदलायला शेतकऱ्याला पैसे लागतात, वेळ बदलायला लागत नाहीत.

बांधावरून

लागतात हो. संध्याकाळी मजूर मिळत नाही आणि आमच्याकडं वीज रात्रीची, त्याच वेळी पाणी धरायचं असतं. तरी फुलकिड्याची फवारणी गोंडे उमलायच्या आधी उरकता येईल का, हे काकांनी सांगावं.

जुना कीटकवाला

येते. गोंडा कागदी पापुद्र्यात असतानाच निळे चिकट सापळे लावून फुलकिडे बघा, गरज असेल तर तेव्हाच फवारणी उरका. दहा टक्के फुलं उमलली की आंतरप्रवाही, म्हणजे झाडाच्या अंगात भिनणाऱ्या औषधाला हात लावू नका. त्यानंतर फारच गरज पडली तर ५ टक्के निंबोळी अर्क, तोही सूर्य मावळल्यावर. आणि कडेनं धने किंवा बडीशेपेच्या दोन ओळी टाका, परभक्षी कीटकांना परागकण मिळतात.

कलमदान

शेवंतीताई, वडाचं आधी. नोंदवही अद्ययावत करणं हे गावच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीचं कामच आहे. दादांनी समितीच्या सचिवांना लेखी अर्ज द्यावा, वडाचा गट नंबर आणि पोळी बसण्याचे महिने लिहावेत. आग्याला त्यानं अनुसूचीतलं संरक्षण मिळणार नाही, पण उद्या रस्ता रुंदीकरणात झाड गेलं तर हरकत घ्यायला हातात कागद असेल.

निवेदनाचं म्हणाल तर ते राज्याच्या कृषिमंत्र्यांच्या नावे काढू नका, लेबलमध्ये बदल करणं राज्याच्या अखत्यारीत नाही. ते फरीदाबादच्या केंद्रीय कीटकनाशक मंडळ व नोंदणी समितीकडे आणि केंद्रीय कृषी मंत्रालयाकडे जाऊ दे, प्रत पुण्याच्या कृषी आयुक्तालयाला. एसएमएसचा मुद्दा मात्र पूर्ण राज्याचा आहे, त्याचा वेगळा अर्ज करा. दोन्ही एकाच कागदात घातले तर दोन्ही कार्यालयं "आमच्याकडे नाही" म्हणून परत पाठवतील. मसुदा इथेच टाका, उद्या रात्री बघते.